भाजल्यावर पाणी की पेस्ट? भांडण जुनंच आहे

परवा चहाचं पातेलं उतरवताना सांडशी सटकली आणि अर्धा चहा मनगटावर. मी नळाकडे धावतोय तर शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "पाणी लावू नको रे, फोड येईल, आधी कोलगेट लाव!" हे ऐकतच आपण सगळे मोठे झालोय, म्हणून म्हटलं हे आलं कुठून ते बघू.

मुळं बरीच खोल निघाली. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार सांगितलेत, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. त्यात प्लुष्टला, म्हणजे वरवर होरपळलेल्याला, तो चक्क शेक द्यायला सांगतो, कारण काय तर गार पाण्याने रक्त गोठतं, पण पुढच्या प्रकारांना मात्र तूप, लेप आणि गार शिंपण! काकूंचं म्हणणं थेट तिथूनच आलं असं काही नाही, पण गार पाण्याची भीती नवी नाही एवढं नक्की.

युरोपातही तेच. 1797 ला केंटिश नावाचा इंग्रज डॉक्टर भाजलेल्यावर गरम टर्पेंटाइन लावा म्हणत होता आणि दोनच वर्षांनी तिथलाच सर्जन जेम्स अर्ल म्हणाला बर्फ नि गार पाणी वापरा. मग 1925 ला अमेरिकेत डेव्हिडसनने टॅनिक ॲसिड आणलं (चहात टॅनिन असतं, माझ्या मनगटावर उपचार आपोआपच झाले म्हणायचे 😄). त्याने जखमेवर चामड्यासारखी खपली धरते, पाझर कमी होतो, म्हणून जगभर चाललं, पण दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांची बोटं त्या खपलीखाली आखडून बसायला लागली, आणि लिव्हरला त्रास होतो तेही कळलं. इंग्लंडमधल्या मॅकिंडो या प्लास्टिक सर्जनच्या लक्षात आलं की समुद्रात पडलेल्या पायलटांच्या जखमा उलट बऱ्या भरतायत, मग त्याने मिठाच्या पाण्याचे टब सुरू केले.

खरा धोका वरच्या फोडाचा नसतोच. 1921 ला अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या थिएटरला आग लागली, त्यातले पेशंट बघून अंडरहिल नावाच्या संशोधकाने दाखवलं की मोठ्या भाजण्यात अंगातलं पाणी आणि मीठ झिरपून जातं, त्यातून शॉक बसतो, म्हणजे रक्तदाब कोसळतो. आज सलाइनचा हिशोब वजन आणि किती टक्के भाजलं यावर करतात तो त्याच धाग्यातला. त्यातून वाचलं तरी पुढे इन्फेक्शन, धुराने फुफ्फुसं बिघडणं, आणि सांध्यावरची कातडी आखडून बोट किंवा मान वाकडी राहणं, हे महिनोन्महिने चालतं.

साध्या पाण्याला मात्र मान उशिरा मिळाला. आइसलँडच्या डॉक्टर ओफेगसनने उंदरांवर प्रयोग करून 1965 ला पेपर लिहिला, आता बऱ्याच ठिकाणी 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा असंच सांगतात, बर्फ नाही, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात. कातडी तापलेलीच असते, आत उष्णता उतरत राहते, पाणी ती ओढून घेतं, पेस्ट मात्र वरून झाकण घालते, आणि डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते ते वेगळंच.

आणि हो, घरगुती म्हणजे सगळंच फेकायचं असंही नाही. मुंबईतच डॉ. केसवानींनी 1985 ला उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग मांडलं होतं, आणि सायन हॉस्पिटलमध्ये 2003 च्या सुमारास केळीच्या पानाचं तपासून बघितलं, जखमेला चिकटत नाही म्हणून पट्टी बदलताना पेशंट ओरडत नाही. पण तेही हॉस्पिटलात निर्जंतुक करून, भाजल्या भाजल्या किचनमधून उचलून नाही. काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या केळीचं पान माझ्याकडे आहे, आणू का?