कृत्रिम हृदयझडपा आणि त्यांची पकड

निकामी झालेल्या हृदयझडपेच्या जागी बसवले जाणारे धातूचे किंवा प्राणिज ऊतीचे साधन म्हणजे कृत्रिम हृदयझडप. कोल्हापूर परिसरात तिला सरसकट ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात. व्हॉल्व्ह धातूचा घ्यायचा की ऊतीचा, यावर घरात बरीच चर्चा होते. तो हृदयाला धरून कसा राहतो, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक झडप किती वर्षे साथ देईल, हे या पकडीवरही अवलंबून असते.

हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि त्यातला प्रत्येक ठोका झडपेला तिच्या जागेवरून ढकलतो. सर्वांत जास्त ताण मिट्रल झडपेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर येतो. डावी जवनिका, म्हणजे डावीकडचा खालचा कप्पा, आकुंचते तेव्हा ही झडप मिटलेली असते आणि पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर दाबाला तिला तोंड द्यावे लागते. हा सगळा भार झडपेभोवतीच्या तंतुमय ऊतीच्या वलयावर येतो.

१९५२ मध्ये चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यातील गोळीची झडप हृदयात नव्हे, तर छातीतील उतरत्या महाधमनीत बसवली. धमनीला बाहेरून आवळणाऱ्या कड्यांनी ती धरून ठेवली होती. हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हृदय-फुप्फुस यंत्र आल्यावर हृदय थांबवून आत शिवणे शक्य झाले. १९६० मध्ये ड्वाइट हार्केन यांनी महाधमनीच्या झडपेच्या जागी, तर अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लॉवेल एडवर्ड्‌स यांच्यासह घडवलेली झडप मिट्रलच्या जागी बसवली. पुढच्या झडपांची रूपे बदलत गेली, पण घेराला कापडी कडे लावून ते वलयाला शिवायचे, ही पद्धत आजही कायम आहे.

हे कडे पॉलिएस्टर किंवा टेफ्लॉनचे असते. शल्यविशारद आधी खराब पाकळ्या व साठलेले कॅल्शियम काढतो, मापकाने वलयाचे माप घेतो आणि मग वलयाभोवती टाके घालतो. प्रत्येक टाका आधी वलयातून, नंतर कड्यातून ओवला जातो. ऊत नाजूक असेल, तर दोरा ती कापून बाहेर येऊ नये म्हणून टाक्याखाली टेफ्लॉनची छोटी चकती ठेवतात. गुंता टाळण्यासाठी दोन रंगांचे दोरे आलटून पालटून वापरतात. सगळे दोरे ओवून झाले की झडप त्यांवरून खाली सरकवून गाठी मारतात. टाका उथळ घेतला तर तो सुटतो. खोल घेतला तर महाधमनीच्या वलयाजवळून जाणारा हृदयाचा विद्युतमार्ग दुखावतो आणि पेसमेकर लावावा लागू शकतो. मिट्रलच्या बाजूला हृदयाला रक्त पुरवणारी सर्कमफ्लेक्स धमनी अगदी लगत असते. या शस्त्रक्रियेचे खरे कसब इथे लागते.

टाके ही सुरुवातीची पकड. पुढच्या आठवड्या-महिन्यांत शरीराची ऊत कापडाच्या विणीत शिरते आणि कडे हृदयाच्या भिंतीशी एकजीव होते. तोवर उघड्या कापडावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून ऊतीच्या झडपेलाही पहिले काही महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा देतात. धातूच्या झडपेला ती जन्मभर लागते. कड्यालगत फट राहिली तर तिथून रक्त उलटे वाहते, लाल पेशी फुटतात, रक्त कमी होते, धाप लागते. कड्यावर जंतुसंसर्ग झाला तर झडप सुटूही शकते.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली चित्रा झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. धातूचा पिंजरा, प्लॅस्टिकची कलती चकती आणि पॉलिएस्टरचे कडे, अशी तिची साधी रचना आहे. परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्या रुग्णांसाठी हे काम फार मोलाचे ठरले.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे अलाँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून सरकवलेल्या नळीवाटे महाधमनीची झडप बसवली. टावी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत टाका नसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराला यातले तत्त्व लगेच कळेल: भोकापेक्षा किंचित मोठा बुश (धातूची पोकळ नळी) दाबून बसवला की तो घट्ट धरतो. सीटी स्कॅनवर माप घेऊन वलयापेक्षा थोडी मोठी, जाळीदार चौकटीची झडप निवडतात. ती फुग्याने फुलवतात किंवा निकेल-टायटॅनियमची असेल तर आपोआप फुलते. जुन्या झडपेतले कॅल्शियमच तिला धरून ठेवते. म्हणूनच रुमॅटिक तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या आजाराने) बिघडलेल्या मिट्रल झडपेला हा मार्ग सहसा चालत नाही: तिचे वलय मोठे व लवचीक असते, टेकायला कठीण कडा बहुधा मिळत नाही. आपल्याकडील तरुण रुग्णांत हाच आजार जास्त दिसतो, त्यामुळे झडप बदलण्याची वेळ आलीच तर त्यांना उघडी शस्त्रक्रिया टाळता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे.

पूर्वी बसवलेली ऊतीची झडप झिजली, तर तिच्या आत नळीवाटे दुसरी बसवता येते. तेव्हा जुन्या झडपेचे कडेच नव्या झडपेला आधार देते. त्यासाठी जुनीचा प्रकार आणि माप नेमके माहीत असावे लागते. रुग्णालयातून मिळालेले झडपेचे कार्ड म्हणून जपून ठेवावे आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्यालाही दाखवावे, म्हणजे जंतुसंसर्ग टाळणारे औषध आधी देता येते.