लाइव्ह वॉलपेपर : स्मूथ हालचाल आणि बॅटरीचा खर्च

फोनच्या होम स्क्रीनवर आयकॉनांमागे हलत राहणारे किंवा स्पर्शाला प्रतिसाद देणारे पार्श्वचित्र. ॲप आपण मुद्दाम उघडतो. वॉलपेपर मात्र स्क्रीन उजळताच चालू होतो. त्यामुळे हालचाल न अडखळता दिसावी आणि बॅटरी, मेमरी व तापमानही आटोक्यात राहावे, हा त्याच्या रचनेतला मूळ प्रश्न ठरतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः अँड्रॉइडपुरती आहे.

उगम : कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. एका मतानुसार ती संगणकावरून आली. युनिक्स संगणकांवरील एक्स विंडो या चित्रमय प्रणालीत पार्श्वभूमीवर उजेड-अंधारासह पृथ्वी दाखवणारा ‘एक्सअर्थ’ हा प्रोग्रॅम साधारण १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला; मायक्रोसॉफ्टचे ‘ॲक्टिव्ह डेस्कटॉप’ १९९७ चे, तर विंडोज व्हिस्टा अल्टिमेटमधले ‘ड्रीमसीन’ २००७ चे असून त्यात चक्क व्हिडिओच पार्श्वभूमीला लावता येई. दुसरे मत तिचे मूळ जुन्या फोनमधल्या हलत्या जिफ चित्रांत आणि सोनी एरिक्सनच्या काही फोनवरील ‘फ्लॅश लाइट’ (Flash Lite, म्हणजे फोनसाठीचे हलक्या स्वरूपातले फ्लॅश ॲनिमेशन तंत्र) वॉलपेपरांत शोधते. चित्राच्या दृष्टीने पहिली परंपरा जुनी आहे यात शंका नाही. पण येथे विचारात घेतलेल्या प्रश्नापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तुटपुंज्या बॅटरीवर हालचाल दाखवण्याची कसरत फोनवरच सुरू झाली.

‘लाइव्ह वॉलपेपर’ हे नाव रूढ झाले ते जानेवारी २०१० मध्ये, नेक्सस वन फोनसोबत आलेल्या अँड्रॉइड २.१ पासून. डुलणारे गवत, पाण्यावरचे तरंग, आकाशगंगा हे त्यातले सुरुवातीचे नमुने. गवताच्या वॉलपेपरमधले आकाश दिवसाच्या वेळेनुसार रंग बदलत असे. हे नमुने रेंडरस्क्रिप्ट या अँड्रॉइडच्या वेगवान चित्रण-गणन तंत्रात लिहिलेले होते. ते तंत्र बाहेरच्या डेव्हलपरांना अँड्रॉइड ३.० मध्ये खुले झाले आणि अँड्रॉइड १२ पासून कालबाह्य ठरवण्यात आले.

फ्रेमचे अंतर : ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावर एक फ्रेम, म्हणजे हालचालीतले एक चित्र, काढायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९० हर्ट्झवर ११.१ आणि १२० हर्ट्झवर ८.३. फ्रेम जास्त म्हणजे हालचाल स्मूथ, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. डोळ्याला खटकते ते फ्रेममधले असमान अंतर. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या नमुना कोडमधला फिरणारा घन सेकंदाला २५ फ्रेमच्या बेताने काढला जाई. ६० ला २५ ने भागले की २.४ येतात, त्यामुळे एक फ्रेम पडद्यावर दोन ठोके (पडदा ताजा होण्याच्या खेपा) टिकते, तर एखादी तीन, म्हणजे कधी ३३ मिलिसेकंद तर कधी ५०. घन एकसारखा फिरत असूनही किंचित अडखळल्यासारखा भासतो. त्यापेक्षा ३० फ्रेमचा वेग नीट बसतो, कारण प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके मिळतात. अँड्रॉइड ४.१ (२०१२) मधील ‘प्रोजेक्ट बटर’ने चित्रणाची वेळ पडद्याच्या ठोक्याशी जुळवली, आणि अँड्रॉइड ११ पासून आपल्याला हवा तो फ्रेमवेग प्रणालीला कळवण्याची सोय झाली. संथ ढग किंवा गवत यांना ३० पुरतात. बोटासोबत सरकणाऱ्या थरांना मात्र पडद्याचा पूर्ण वेग द्यावा लागतो.

हालचाल फ्रेमांच्या संख्येवर न मोजता गेलेल्या वेळेवर मोजावी. मात्र वापरकर्ता दोन तासांनी होम स्क्रीनवर परतला, तर तो सगळा काळ एका फ्रेममध्ये धरला जाऊन, समजा वॉलपेपरमध्ये पोहणारा मासा असेल, तर तो पडद्याच्या पार बाहेर फेकला जातो. म्हणून या वेळेला वरची मर्यादा घालणे आवश्यक आहे.

खर्च : सर्वांत मोठी बचत न काढलेल्या फ्रेमची. दुसरे ॲप वर आले किंवा स्क्रीन बंद झाली की प्रणाली वॉलपेपरला तो दिसेनासा झाल्याची सूचना देते. त्या क्षणी पुढच्या फ्रेमसाठी लावलेला टायमर काढला नाही, तर चित्रण कोणी पाहत नसताना चालूच राहते. ही चूक फार महागात पडते, आणि हातातल्या फोनवर ती दिसतही नाही. निवडीच्या वेळी पूर्वदृश्य आणि आधीपासून लावलेला तोच वॉलपेपर अशी दोन इंजिने (वॉलपेपर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वतंत्र प्रती) एकाच वेळी जिवंत असू शकतात, हेही वारंवार नजरेआड होते.

१०८० × २४०० पिक्सेलची एक फ्रेम, पिक्सेलमागे चार बाइट धरल्यास, सुमारे १०.४ मेगाबाइटची होते. पूर्ण पडद्याचे तीन थर एकावर एक रंगवले तर तितकेच पिक्सेल तीनदा लिहावे लागतात; म्हणून झाकले जाणारे भाग वगळणे हिताचे. चित्रणाच्या चक्रात प्रोग्रॅमने मेमरीत नव्या वस्तू (ऑब्जेक्ट) निर्माण करू नयेत, कारण वापरून झालेल्या वस्तू गोळा करताना मेमरी-सफाई मध्येच फ्रेम चुकवते. साध्या कॅनव्हासवर (अँड्रॉइडच्या चित्र काढण्याच्या मूळ सोयीत) फोनचा मुख्य प्रोसेसर रंगवतो. मोठ्या दृश्यांसाठी ओपनजीएल इएस हे ग्राफिक्स तंत्र वापरून ते काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे देणे सोयीचे. ओलेड पडद्यावर काळे पिक्सेल जवळजवळ वीज घेत नाहीत, त्यामुळे गडद दृश्य तिथे स्वस्त पडते. एलसीडीवर हा फायदा नगण्य असतो.

आयफोन : २०१५ मधील आयफोन ६एसपासून लॉक स्क्रीनवर दाबल्यावर हलणारे लाइव्ह फोटो लावता येऊ लागले. आयओएस १६ मध्ये ही सोय गेली व आयओएस १७ मध्ये बदललेल्या रूपात परतली.