ऑस्टिओपेट्रोसिसच्या बाळासाठी सरकारी मदत: फाइलमध्ये मेंदूचा एमआरआय आधी लावा

एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली की या बाळांची हाडे खडूसारखी पांढरी दिसतात. जुने हाड झिजवणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून हाड घट्ट होत जाते आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेला जागा उरत नाही. मग रक्त कमी, प्लेटलेट कमी, सारखा ताप-संसर्ग. कवटीतल्या वाटा अरुंद होऊन डोळ्यांच्या नसा दबतात, काही बाळांच्या डोक्यात पाणी साठते.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटने, म्हणजे दात्याची मज्जा देऊन, यातली बरीच बाळे वाचू शकतात. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये हा आजार गट १ मध्ये, म्हणजे एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत, आहे. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी नाही. पैसे पालकांच्या खात्यात येत नाहीत, उपचार करणाऱ्या सेंटर ऑफ एक्सलन्सकडे, म्हणजे या धोरणाखाली सरकारने ठरवलेल्या रुग्णालयाकडे, जातात. मुंबईत परळचे केईएम हे असे केंद्र आहे. बाळाची नोंद आणि तपासणी तिथेच होते, निर्णय तिथली समिती घेते.

आता मेंदूचे. ओएसटीएम१ या जनुकातल्या दोषात मेंदूच्या पेशीच झिजतात. ट्रान्सप्लांटने मज्जा सुधारली तरी ही झीज थांबत नाही. दुसऱ्या एका प्रकारात मेंदूत कॅल्शियम साठते. म्हणजे ट्रान्सप्लांट करावा की नाही, हे जनुक चाचणी आणि एमआरआय पाहिल्याशिवाय ठरत नाही. जनुक अहवालाला काही आठवडे लागतात, म्हणून रक्ताचा नमुना आजच द्या. झटके येत असतील तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करा आणि रक्तातले कॅल्शियमही तपासा, कारण ते कमी झाल्यानेही झटके येतात.

सोबत बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचे आधार कार्ड, रहिवासी पुरावा, एक्स-रे, सगळे रक्ताचे रिपोर्ट, नेत्रतज्ज्ञांचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्डे ठेवा. एमआरआयची नुसती कागदी प्रत नको, सीडीही घ्या. या वयात एमआरआय बहुधा भूल देऊन होतो, तेव्हा दूध किती तास आधी बंद करायचे ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

गेलेली नजर ट्रान्सप्लांटनंतर सहसा परत येत नाही, त्यामुळे इथे एकेक आठवडा मोलाचा आहे. मंजुरीची वाट पाहत असतानाच भावंडांची आणि आईवडिलांची एचएलए तपासणी (कोणाची मज्जा बाळाशी जुळते ते पाहणारी) करून ठेवा.