आठवड्याला १५० मिनिटे: हा आकडा आला कुठून?

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टर सांगतात, मनगटावरचे घड्याळ सांगते, आरोग्य विभागाची पोस्टरे सांगतात: आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम करा. हा आकडा कोणी सहज तोंडाला येईल तसा ठरवलेला नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा अभ्यास आहे आणि त्याची सुरुवात ना व्यायामशाळेत झाली ना ऑलिंपिकच्या मैदानावर. ती झाली लंडनच्या दुमजली बसमध्ये.

व्यायाम चांगला, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होते. चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांनीही त्यावर लिहिले आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टराने अठराव्या शतकात छातीत कळ येणाऱ्या रुग्णांची वर्णने लिहून ठेवली. त्यातला एक रोज अर्धा तास लाकडे कापायचा आणि जवळजवळ बरा झाला, अशी त्याची नोंद आहे. पण या नोंदीचे पुढे फारसे काही झाले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार-सहा आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. हृदयाला श्रम नकोत, हेच वैद्यकाचे धोरण होते. दोष डॉक्टरांना देण्यात अर्थ नाही. व्यायामामुळे नेमका कोणता आजार टळतो आणि किती टळतो, हे कोणी मोजलेलेच नव्हते.

ते मोजले जेरी मॉरिस यांनी. लहानपण ग्लासगोत गेलेला हा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून भारतात नोकरी करून गेला होता. युद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि कारण कोणालाच सांगता येत नव्हते. मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या. वय ३५ ते ६४. तिथे त्यांना एक फरक दिसला. एकाच बसवर, एकाच धुरात आणि एकाच पाळीत काम करणाऱ्या दोन माणसांपैकी ड्रायव्हरला हृदयविकार जास्त होत होता, कंडक्टरला कमी.

ड्रायव्हर पाळीतला जवळपास नव्वद टक्के वेळ बसून असायचा. कंडक्टर तिकिटे देत मागच्या जिन्याने वर-खाली करायचा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. (मुंबईत बेस्टच्या दुमजली बसमध्ये दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत; लंडनमध्ये दोन्ही मजले एकाच्याच पायांवर.) कंडक्टरांना हृदयविकार झाला तरी उशिरा आणि सौम्य होई. झटका आल्यावर लवकर दगावण्याचे प्रमाण तर ड्रायव्हरांच्या निम्मे किंवा त्याहून कमी. १९५३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच धर्तीवर मॉरिस यांनी टपाल खाते पाहिले. सायकलवर किंवा पायी टपाल वाटणाऱ्या पोस्टमनचे हृदय टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा आणि टेलिफोन ऑपरेटरपेक्षा सुस्थितीत निघाले.

यानंतर मॉरिस यांनी जे केले ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. स्वतःच्याच निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली. जाड माणसेच ड्रायव्हरची नोकरी धरत असतील तर? वाहतूक कंपनी कामगारांना गणवेश शिवून देत असे आणि मापांच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. मॉरिस यांनी त्या वह्यांतून पॅन्टच्या कमरेची मापे काढली. नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता. १९५६ साली त्यांनी हेही छापले, आडपडदा न ठेवता. पुढच्या तपासात सारख्याच बांध्याच्या ड्रायव्हर-कंडक्टरांमध्येही फरक उरतोच असे दिसले, पण शंका पुरती फिटावी म्हणून त्यांनी सगळे बसूनच काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे मोर्चा वळवला. १९६८ ते १९७० या काळात जवळपास १७,००० जणांना सोमवारी सकाळी, आधी न कळवता, गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केले ते लिहायला सांगितले. फावल्या वेळात दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक तृतीयांश निघाले. म्हणजे नोकरी बैठी असली तरी तिची भरपाई करता येत होती.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा बावीस वर्षे माग काढला. जड माल वाहणाऱ्यांना हृदयविकाराचा मृत्यू कमी गाठत होता. मग त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली. चालणे, जिने आणि खेळ मिळून आठवड्याला २००० कॅलरी खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर बाकीच्यांपेक्षा पाव ते एक तृतीयांशाने कमी होता. या अभ्यासातली एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगायला हवी. कॉलेजच्या संघातून खेळलेले, पण पुढे बसून राहिलेले लोक सुरक्षित नव्हते. कॉलेजात कधी न खेळलेले, पण चाळिशीत हालचाल करणारे सुरक्षित होते. तरुणपणी तालमीत किती जोर-बैठका मारल्या, हे पन्नाशीतल्या हृदयाच्या उपयोगी पडत नाही.

उलट, हालचाल थांबली की नुकसान किती लवकर होते? डलास येथे १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसते झोपवून ठेवले. त्यांची शरीराला प्राणवायू पुरवण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जितके केले नव्हते, तितके नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते. आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याने, धावण्याने आणि सायकलिंगने ती क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा, कारण व्यायामाचा धोकाही याच काळात मोजला गेला. अमेरिकेत धावण्याची हौस घरोघरी पोचवणारे जिम फिक्स १९८४ साली धावतानाच वयाच्या ५२ व्या वर्षी गेले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच तुंबलेल्या होत्या, वडीलही चाळिशीतच हृदयविकाराने गेले होते. ‘बघा, व्यायामाने माणूस मरतो’ असे म्हणायला तेव्हा अनेकांना निमित्त मिळाले. १९९३ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांच्या अभ्यासाने नेमके उत्तर दिले. जोराच्या श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका सरासरी सहापट वाढतो. पण एरवी आठवड्यातून एकदाही अंग न हलवणाऱ्यांमध्ये तो १०० पटींहून अधिक, आणि आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये फक्त अडीच पटींच्या आसपास. कोणत्याही एका तासात झटका येण्याची शक्यता मुळात फार कमी असते, म्हणून पटीचे आकडे पाहून घाबरू नये. घात होतो तो सवय नसताना एकदम घेतलेल्या उडीने.

सुश्रुताने हेच वेगळ्या मार्गाने सांगितले होते. व्यायाम अर्ध्या बळाने करावा. श्वास तोंडावाटे येऊ लागला, कपाळाला आणि काखेत घाम आला की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. आजची खूण अशी: मध्यम व्यायामात बोलता येते, गाता येत नाही. वाग्भटाने तर ऋतूही सांगितले. थंडीत आणि वसंतात नीट व्यायाम, एरवी बेताने. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी धावायला निघणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

जिमच्या पहिल्या काही आठवड्यांत होणाऱ्या दुखापतींचे कारणही तेच, एकदम घेतलेली उडी. स्नायू लवकर बळावतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. वजन भराभर वाढवले की खांदा आणि गुडघा बोलू लागतात. पैजेवर एका दमात शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर मालिश करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, भोवळ आली, तर तिथेच थांबायचे. वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवायची. आणि घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करायची.

आता त्या १५० मिनिटांकडे. १९७८ सालच्या अमेरिकी शिफारशी धापा टाकायला लावणाऱ्या व्यायामाच्याच होत्या. १९९५ मध्ये ‘बहुतेक दिवशी अर्धा तास, भरभर चालणेही चालेल’ असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली १५० मिनिटे जाहीर केली आणि २०२० साली ती मर्यादा १५० ते ३०० अशी केली. जोराचा व्यायाम असेल तर ७५ ते १५० मिनिटे, शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि ज्येष्ठांना तीनदा तोल सांभाळण्याचा. सलग दहा मिनिटे झाली तरच मोजायची, ही जुनी अटही तेव्हाच गेली. दोन मजले चढून गेलात तर तेही खात्यावर जमा.

मॉरिस, पॅफेनबार्गर, डलास, सगळे पुरुषांचे अभ्यास. १९९९ साली अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून भरभर चालण्याचा तोच फायदा स्त्रियांनाही होतो हे सिद्ध झाले. आपल्याकडचे चित्र मात्र उलट दिशेने गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. २०२२ मध्ये पुरुषांमध्ये ते ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७ टक्के. घरच्या बाईला दिवसभर काम असते, तिला वेगळा व्यायाम कशाला, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने कंबर दुखते, दम लागत नाही. तिला हवा आहे तो रोजचा अर्धा तास, बिनखड्ड्यांचा फूटपाथ आणि अंधार पडल्यावरही न घाबरता चालता येईल असा रस्ता. यातले पहिले घराने द्यायचे आहे, उरलेले दोन नगरपालिकेने.