एगी

एगी हा माकुल (स्क्विड) पकडण्यासाठी जपानमध्ये वापरला जाणारा, कोळंबीच्या आकाराचा कृत्रिम गळ होय. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आमिषाचे लाकूड’ असा होतो. त्याची परंपरा दक्षिण जपानमधील कागोशिमा परिसरात, म्हणजे पूर्वीच्या सात्सुमा प्रांतात, एदो काळापासून (1603–1868) चालत आलेली आहे. मच्छीमाराच्या हातून पाण्यात पडलेल्या जळक्या लाकडाला माकुलाने मिठी मारली आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. जुने एगी लाकूड कोरून करीत; आजचे बहुतेक प्लास्टिकचे असून त्यांवर कापड चढवलेले असते.

एगीच्या छातीखाली शिशाचे वजन असते आणि शेपटीला वर वळलेल्या सुयांची कडी असतात. या सुयांना उलटे दाते नसतात. त्यामुळे माकुल अडकल्यावर तंगूस (गळाची दोरी) क्षणभरही सैल सोडता येत नाही.

एगीने मुख्यतः ‘आओरी-इका’ ही मोठ्या परांची जात पकडतात. (ही जात पाल्कच्या उपसागरासह भारतीय समुद्रातही आढळते, कोकणात ट्रॉलरच्या जाळ्यात येणारे माकुल मात्र बहुतांशी वेगळ्या जातीचे असते.) तिचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असते. वसंतात अंडी घालण्यासाठी मोठी माकुले किनाऱ्याजवळच्या समुद्री गवतात येतात, तर शरदात त्यांची लहान पिल्ले सापडतात. एगीचे माप ‘गो’ या एककात देतात आणि 1 गो म्हणजे सुमारे 3 सेंमी. शरदात साधारण 2.5 गोचा, तर वसंतात 3.5 गोचा, म्हणजे सुमारे साडेदहा सेंमीचा एगी घेतात.

निवडीत खरे महत्त्व बुडण्याच्या वेगाला आहे, कारण माकुल बहुधा एगी खाली जात असतानाच त्यावर झेपावते. 3.5 गोचा सर्वसाधारण एगी 1 मीटर खाली जायला सुमारे 3 सेकंद घेतो. उथळ, गवताळ जागी याहून सावकाश बुडणारा आणि खोल पाण्यात किंवा जोरदार प्रवाहात अधिक जड एगी लागतो. एकाच मापाचे दोन एगी वेगवेगळ्या वेगाने बुडू शकतात, म्हणून केवळ लांबी पाहून निवडणे चुकीचे ठरते. रंगाची चर्चा फार होते, पण तिला दुय्यम स्थान द्यावे. माकुलाच्या डोळ्यांत सहसा एकच दृष्टिरंगद्रव्य (प्रकाश टिपणारा पदार्थ) असल्याने त्याला आपल्यासारखे रंग वेगळे दिसत नसावेत; उजेड-अंधाराचा फरक आणि ध्रुवित प्रकाश (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश) मात्र ते टिपते. त्यामुळे पार्श्वभूमीवर एगी किती उठून दिसतो, एवढेच पाहणे पुरेसे होते.

एगी फेकल्यावर तो तळाशी टेकेपर्यंत सेकंद मोजतात, मग काठीला वर दोन-तीन झटके देऊन त्याला पुन्हा संथपणे पडू देतात. या पडण्याच्या वेळी नजर तंगुसावर ठेवावी लागते. पाण्यावर सैल पडलेला तंगूस अचानक ताठ झाला, किंवा उलट एकाएकी ढिला पडला, तर माकुलाने एगीला मिठी मारली असे समजावे आणि काठी लगेच वर ओढावी. बाहेर काढताना माकुलाची नळी माणसांपासून दूर वळवतात, कारण ते जोरात शाई फेकते. ही शाई धक्क्याच्या काँक्रीटवर दीर्घकाळ राहते आणि तिचे ताजे डाग पाहूनच जपानी गळकरी बसण्याची जागा ठरवतात.