ब्लॅक पँथर म्हणजे वेगळा प्राणी? नाही हो!
काळा बिबट्या ही वेगळीच जात असते आणि ती जास्त खुनशी असते, हे इतक्यांदा फॉरवर्ड झालंय की लोकांना खरंच वाटतं. अहो तो आपला साधा बिबट्याच! अंगात काळं रंगद्रव्य जास्त बनतं एवढंच, आणि ठिपके पण असतात बरं का, तिरप्या उन्हात दिसतात, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तर एकदम क्लिअर. हा जीन रिसेसिव्ह असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू काळं, त्यामुळे ठिपकेवाल्या जोडीला एकाच वेतात एक काळं एक पिवळं होऊ शकतं. मलेशियाच्या दाट जंगलात तर बहुतेक बिबटे काळेच आहेत. काळ्या जॅग्वारलाही (अमेरिका खंडातला बिबट्यासारखाच दिसणारा मोठा प्राणी) पँथरच म्हणतात, म्हणून अजून गोंधळ. बाकी काळ्या बिबट्याचं दबा धरून शिकार करणं, एकट्याने राहणं, सगळं साध्या बिबट्यासारखं सेमच.