वाईन आणि प्रोटॉन : लिनक्सवरचं गेमिंग

वाईन हे विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. मॅकवरही ते चालतं पण इथं विषय लिनक्सचा. आज लिनक्सवर गेम खेळणारा माणूस बहुतेक वेळा वाईनवरच खेळत असतो, आणि वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खेळत असेल तर वाईनपासूनच बनलेल्या प्रोटॉनवर, फक्त स्क्रीनवर ते नाव कुठं दिसत नाही. खास लिनक्ससाठी बनवलेले गेमही आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढं येईल, पण या नोंदीत भर वाईनवर आहे कारण गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या वाटा फिरून तिथंच येतात.

नाव : वाईन या नावाचे दोन अर्थ सांगितले जातात. पहिला, 'विंडोज एम्युलेटर' या दोन शब्दांचं आखूड रूप. दुसरा, 'वाईन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर', म्हणजे 'वाईन हा एम्युलेटर नाही', ग्नू ('ग्नू इज नॉट युनिक्स') या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नावासारखं स्वतःलाच पोटात घेतलेलं नाव. प्रकल्प 1993 च्या मध्याला सुरू झाला आणि साधारण त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या नावाच्या चर्चेत दुसरा अर्थ ठरला असं मानतात, त्याचं श्रेय डेव्हिड निएमी यांना दिलं जातं. पण सुरुवातीच्या प्रश्नोत्तरांत पहिला अर्थ छापला गेला आणि पुढं काही काळ दोन्ही बरोबर असंही लिहिलं जायचं, त्यामुळं घोळ राहिला तो राहिलाच. लोकांच्या तोंडी पहिला अर्थ आधी बसला असेल हे शक्य आहे, पण वाईन नेमकं काय करतं ते बघितलं तर दुसराच अर्थ जास्त पटतो.

एम्युलेटर म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या मशीनची हुबेहूब नक्कल, जुन्या कन्सोलचे गेम पीसीवर चालवताना त्या कन्सोलच्या प्रोसेसरची एकेक सूचना वाचून ती आपल्या प्रोसेसरला समजेल अशी करून द्यावी लागते आणि त्यात वेग जातो. वाईनमध्ये असं काही होत नाही. गेमचा मशीन कोड विंडोजवर जसा थेट प्रोसेसरवर चालतो तसाच इथंही चालतो. अडतं ते गेम जेव्हा विंडोजकडं काहीतरी मागतो तेव्हा, म्हणजे ही फाइल उघड, ही विंडो काढ, हा थ्रेड (गेममधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांतलं एक) थांबव. विंडोजवर या मागण्या डीएलएल, म्हणजे तयार कोडच्या सामायिक फाइलींकडं जातात. वाईननं त्याच नावांच्या डीएलएल स्वतः नव्यानं लिहिल्यात, मायक्रोसॉफ्टचा कोड न वापरता, नुसतं बाहेरून वागणं तपासून, आणि त्या ती मागणी लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, कळेल अशी पुढं देतात. मोबाईलमध्ये असतात तशा, वेगळ्या सूचना समजणाऱ्या एआरएम प्रोसेसरवर मात्र एफईएक्स किंवा बॉक्स64 सारखा खराखुरा एम्युलेटर जोडीला घ्यावा लागतो, म्हणजे तिथं दोन्ही गोष्टी एकावर एक चालतात, पण तेव्हाही एम्युलेटरचं काम वाईन करत नाही.

हे काम किती किचकट आहे ते एका साध्या गोष्टीवरून कळतं. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, लिनक्सला ते वेगळं. देवनागरीत हा भेदच नाही म्हणून आपल्याला तो पटकन जाणवत नाही, पण गेमच्या कोडमध्ये फाइलचं नाव सगळं कॅपिटलमध्ये असेल आणि डिस्कवर स्मॉलमध्ये, तर लिनक्स सरळ सांगतो की अशी फाइलच नाही. मग वाईनला ते फोल्डर उघडून आतली नावं वाचत जावी लागतात आणि जुळणारं नाव शोधावं लागतं, आणि गेम सुरू होताना अशा हजारो फाइली उघडत असतो. शेवटी 2019 मध्ये लिनक्स 5.2 मध्ये एक्स्ट4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमलाच हा भेद न मानण्याची सोय आली, वाल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या मशीनवर होम विभागासाठी (वापरणाऱ्याच्या फाइलींची जागा) तीच वापरलीय.

इतिहास : सुरुवात बॉब अ‍ॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी केली, 1994 पासून अलेक्झांद्र ज्युलियार प्रकल्प सांभाळतायत. 1.0 आवृत्ती यायला 2008 चा जून उजाडला, म्हणजे तब्बल पंधरा वर्षं. 2002 मध्ये लायसन्स बदलून एलजीपीएल केलं, ज्यात कोडमधल्या सुधारणा वाटताना खुल्या ठेवाव्या लागतात, कारण आधीच्या मोकळ्या लायसन्समुळं कुणीही कोड घेऊन सुधारणा स्वतःकडंच ठेवू शकत होतं, आणि ट्रान्सगेमिंग कंपनीचं वाईनएक्स, जे पुढं सेडेगा नावानं विकलं गेलं, ते वाईनच्याच कोडवर उभं होतं. हा निर्णय तेव्हा वादाचा ठरला. पण पुढं प्रोटॉनमध्ये मोठ्या कंपनीचा पैसा आला तेव्हा सुधारणा सगळ्यांना मिळत राहिल्या त्याचं मूळ या निर्णयात आहे.

मूळ लिनक्ससाठी गेम बनवायचे प्रयत्न याच काळात झाले. डेव्ह टेलर यांनी 1994 मध्ये डूम लिनक्सवर आणला. 1998 मध्ये स्कॉट ड्रेकर यांनी लोकी सॉफ्टवेअर काढली, ती दुसऱ्यांच्या गेमचे हक्क घेऊन लिनक्ससाठी आवृत्त्या काढायची, पण गिऱ्हाईक पुरेना आणि 2002 च्या जानेवारीत कंपनी बंद पडली. तिथंच काम केलेल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही चित्र, आवाज, कीबोर्ड हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) मात्र राहिली आणि ती आजही असंख्य गेममध्ये आहे. पुढं फेरल आणि अ‍ॅस्पायर या कंपन्यांनीही मोठे गेम लिनक्सवर आणले.

वाल्व्हनं स्टीम लिनक्सवर आणलं ते 14 फेब्रुवारी 2013 ला. त्याआधी 2012 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लेफ्ट 4 डेड 2 चे आकडे जाहीर केले होते, एकाच मशीनवर लिनक्सला सेकंदाला 315 फ्रेम आणि विंडोज 7 ला 270.6. 2015 मध्ये स्टीम मशीन हे लिनक्सवरचे गेमिंग पीसी बाजारात आले आणि चालले नाहीत, कारण खेळायला गेमच पुरेसे नव्हते. गिऱ्हाईक नाही म्हणून कंपन्या गेम आणत नाहीत आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नाही, लोकीला नडलं ते हेच.

हा फास सुटला तो ग्राफिक्सच्या बाजूनं. विंडोजचे गेम चित्र काढायला डायरेक्ट3डी वापरतात आणि वाईन ते ओपनजीएल या दुसऱ्या ग्राफिक्स तंत्रात करून देत होतं, पण दोघांची मांडणीच वेगळी त्यामुळं वेग पडायचा. 2016 च्या फेब्रुवारीत व्हल्कन हे नवं ग्राफिक्स तंत्र आलं, त्यात ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) मधे फारसं पडत नाही. 2017 मध्ये फिलिप रेबोले यांनी डायरेक्ट3डी 11 ला थेट व्हल्कनवर नेणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळता यावा हे त्यामागचं कारण सांगतात. वाल्व्हनं हे काम हाताशी धरलं, वाईनमध्ये आधीपासून असलेल्या कोडवीव्हर्स कंपनीला सोबत घेतलं आणि 21 ऑगस्ट 2018 ला प्रोटॉन जाहीर केलं, सुरुवातीला फक्त 27 गेमना अधिकृत मान्यता होती. डायरेक्ट3डी 12 साठीच्या व्हीकेडी3डीची सुरुवात करणारे युझेफ कुचा 2019 च्या ऑगस्टमध्ये गुहेत झालेल्या अपघातात गेले, वाईन 5.0 ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे.

वापरताना : प्रत्येक गेमला प्रोटॉन स्वतंत्र घर देतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. स्टीमच्या फोल्डरात कॉम्पॅटडेटा नावाचं फोल्डर असतं, त्यात गेमच्या आकडी ओळखीचं एकेक फोल्डर, आणि त्याच्या आत अख्खा सी ड्राइव्ह, विंडोज फोल्डर आणि रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्ज साठवायची जागा) यांच्यासकट. गेमला हा सी ड्राइव्ह 'सी:' नावाच्या एका लिंकमधून दिसतो आणि शेजारची 'झेड:' लिंक तुमच्या लिनक्सच्या मूळ फोल्डरकडं बोट दाखवते. गेम बिघडला की हे फोल्डर उडवून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेकदा बरोबरही असतो, पण ज्या गेमचे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत त्यांचे सेव्ह याच घरात असतात, म्हणून आधी कॉपी काढून ठेवावी. गेम पहिल्यांदा खेळताना अधूनमधून अडखळतो तो बऱ्याचदा शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) ऐनवेळी तयार होत असल्यामुळं, 2022 च्या नोव्हेंबरमधल्या डीएक्सव्हीके 2.0 पासून हा त्रास खूप कमी झालाय. लिनक्स 6.14 मध्ये आलेल्या एनटीसिंकमुळं थ्रेड एकमेकांसाठी थांबवायचं विंडोजचं तंत्र आता कर्नलमध्येच मिळतं.

प्रसार : 2022 च्या फेब्रुवारीत आलेल्या स्टीम डेकवर आर्च या लिनक्सच्या एका प्रकारावर बांधलेलं स्टीमओएस 3 आहे आणि खरी वाढ तिथून झाली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा 3 टक्क्यांच्या वर गेला, त्याच महिन्यात विंडोज 10 चा सपोर्टही संपला.

अडचण उरलीय ती मुख्यतः अँटीचीटची, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची. 2021 च्या सप्टेंबरमध्ये इझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन्हींनी प्रोटॉनला सपोर्ट जाहीर केला, पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड हे अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतं आणि वाईनखाली विंडोजचा कर्नलच नसतो, त्यामुळं त्याला बसायला जागाच नाही. चालत असलेला गेम बंद होण्याचीही उदाहरणं आहेत, एपेक्स लेजंड्स लिनक्सवर नीट चालत होता आणि 2024 च्या अखेरीला चीटिंगचं कारण देऊन त्याचा लिनक्स सपोर्ट काढून घेतला.